पंडितांनी विचारलेले प्रश्न

1839 साली कलकत्त्यात ‘मतपरीक्षा’ नावाचं एक संस्कृत पुस्तक छापून निघालं. लेखक होते जॉन म्यूर, कंपनी सरकारच्या चाकरीतले स्कॉटिश अंमलदार. खऱ्या धर्माच्या त्यांनी तीन कसोट्या मांडल्या होत्या: संस्थापकाने साक्षीदारांदेखत केलेले चमत्कार, ग्रंथातल्या शिकवणीचं पावित्र्य आणि ती शिकवण सगळ्या माणसांसाठी असणं. ख्रिस्ती धर्म या तिन्ही कसोट्यांना उतरतो आणि हिंदू शास्त्रं उतरत नाहीत, असा त्यांचा निकाल. पंडितांच्या भाषेत, पंडितांच्याच छंदात दिलेलं हे आव्हान पंडितांनी उचललं. पुढच्या पाच-सहा वर्षांत त्याला तीन संस्कृत उत्तरं आली.

एक होतं बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांचं. दुसरं ‘सोमनाथ’ या नावाने लिहिलेलं. हे सोमनाथ म्हणजे सिहोरचे सुबाजी बापू, असं अभ्यासक मानतात. सुबाजी बापूंनी कोपर्निकसचं सूर्यकेंद्री मत स्वीकारून ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ लिहिला होता. म्हणजे नव्या ज्ञानाला भिणारा हा गृहस्थ नव्हे. त्यांचं म्हणणं शांत होतं: ईश्वराला उपासनेचे अनेक मार्ग मान्य आहेत, ज्याने त्याने आपला धरावा, दुसऱ्याच्या मार्गाला नावं ठेवू नयेत. तिसरं उत्तर मात्र तिखट होतं. ते काशीतल्या एका चित्पावन घरातल्या, जेमतेम विशीला टेकलेल्या मुलाने लिहिलं. त्याचं नाव नीळकंठशास्त्री गोऱ्हे, जन्म 1825, झाशीकडचा. ग्रंथाचं नाव ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’.

14 मार्च 1848 रोजी याच नीळकंठशास्त्र्यांनी जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. नवं नाव नेहेम्या. काशीत खळबळ माजली. पण या प्रकरणापुरती महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ख्रिस्ती श्रद्धेविरुद्धचे सर्वांत कठीण प्रश्न ज्याने संस्कृतात रचले, त्यालाच पुढची सत्तेचाळीस वर्षं त्यांची उत्तरं देत हिंडावं लागलं. म्हणून ख्रिस्ती श्रद्धा बुद्धीला पटण्याजोगी आहे का, हा प्रश्न तपासताना मला युरोपातल्या तत्त्वज्ञांआधी गोऱ्ह्यांकडे जावंसं वाटतं. त्यांनी मांडलेल्यांपैकी बरेच आक्षेप आज कॉलेजच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत आणि व्हॉट्सॅपवर जसेच्या तसे भेटतात, एवढंच की तिथे ते अनुष्टुभात नसतात.

तरुण नीळकंठांचा पहिला मुद्दा तर्काच्या अधिकाराबद्दल होता. म्यूर म्हणत होते, बुद्धीने परीक्षा करा आणि मग धर्म निवडा. नीळकंठांचं उत्तर असं की आधी शास्त्र, आधी श्रद्धा; तर्क त्यांच्या मागून चालतो, पुढून नव्हे. ज्याच्या मनात आधीच बायबलवर विश्वास आहे त्याचा तर्क बायबलच्या बाजूने वळतो, यात नवल ते काय? हा आक्षेप बिनतोड आहे, निदान अर्धा तरी. निव्वळ युक्तिवादाने कुणी धार्मिक झाल्याचं उदाहरण शोधायला गेलं तर दमछाक होते. आणि खुद्द ख्रिस्ती परंपराही श्रद्धेला देवाची देणगी म्हणते, गणिताचं उत्तर म्हणत नाही.

पण उरलेला अर्धा भाग तसा सुटत नाही. वेदांचं प्रामाण्य मीमांसकांनी ते अपौरुषेय आहेत या पायावर उभं केलं. त्यांना कर्ता नाही, काळ नाही, म्हणून त्यांच्यात दोष नाही. ख्रिस्ती दावा नेमका उलट दिशेने येतो. अमुक रोमन सुभेदाराच्या कारकिर्दीत, अमुक शहराच्या वेशीबाहेर एका माणसाला खिळे ठोकून मारलं आणि तो तिसऱ्या दिवशी उठला, असा तो दावा आहे. त्याला साल आहे, गाव आहे, माणसांची नावं आहेत. पौल तर करिंथ इथल्या मंडळीला स्पष्ट लिहितो की ख्रिस्त उठलाच नसेल तर आपला सगळा विश्वास फुकट आहे. एवढी मान पुढे करणारा धर्म विरळा. घटना घडली नसेल तर उरलेल्या सुंदर शिकवणीने भागणार नाही, असं त्याचा पहिला मोठा प्रचारकच सांगतो. मग इतिहासाला इथे काम मिळतं आणि नीळकंठांना मान्य नव्हतं तितकं तर्कालाही.

येशू नावाचा माणूस होऊन गेला का, ही शंका आता इतिहासकारांत जवळजवळ उरलेली नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस इ. स. 116च्या सुमारास लिहितो की 64 सालच्या रोमच्या आगीचं खापर नीरोने ज्या ख्रिस्ती लोकांवर फोडलं, त्यांच्या पंथाचा मूळपुरुष तिबेरियस सम्राटाच्या काळात पिलाताने देहान्ताची शिक्षा दिलेला ख्रिस्त होता. टॅसिटसला हा पंथ किळसवाणा वाटत होता, म्हणून त्याची साक्ष वजनदार. यहुदी इतिहासकार योसेफसच्या 93-94 सालच्या ग्रंथात येशूचा दोनदा उल्लेख येतो. त्यातला मोठा उतारा नंतरच्या ख्रिस्ती नकलाकारांनी फुगवलेला आहे, हे ख्रिस्ती अभ्यासकही आता मान्य करतात. दुसरा उल्लेख ओझरता आहे: ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ याकोब याला दगडमार झाला. असल्या ओझरत्या उल्लेखात मागाहून घुसवाघुसव करण्यात कुणाचा फायदा नव्हता. 1961 साली कैसरियाच्या उत्खननात पिलाताचं नाव कोरलेला दगड सापडला. बार्ट अर्मन हे स्वतः अज्ञेयवादी अमेरिकन अभ्यासक. त्यांनी 2012 साली येशू ऐतिहासिक होता हे दाखवायला स्वतंत्र पुस्तक लिहिलं.

इथे एक आपल्याकडची हौस बाजूला सारावी लागते. येशू तरुणपणी भारतात शिकून गेला किंवा क्रुसावरून वाचून काश्मीरला आला, असं ठासून सांगणारे मराठी वाचक मला बरेच भेटतात. यातली शिक्षणाची गोष्ट निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाने 1894 साली छापली. लडाखच्या हेमिस मठात आपल्याला तशी पोथी वाचून दाखवली, असं त्याचं सांगणं. पुढच्याच वर्षी आग्र्याचे प्राध्यापक आर्चिबाल्ड डग्लस तिथे जाऊन आले, तेव्हा मठाच्या प्रमुखाने अशी पोथी नाही आणि असा पाहुणाही आला नाही, असं सांगितलं. श्रीनगरच्या रोजाबल कबरीची गोष्ट मिर्झा गुलाम अहमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडली, म्हणजे घटनेनंतर साधारण साडेअठराशे वर्षांनी. शुभवर्तमानं चाळीस ते सत्तर वर्षांनी लिहिली म्हणून ती खोटी आणि ही गोष्ट मात्र खरी, हा हिशोब कुठल्याच वहीत बसत नाही.

शुभवर्तमानांचं काय? मार्कचं बहुधा 70च्या आसपास, मत्तय आणि लूक त्यानंतर, योहान शतकाच्या शेवटाला, असं बहुसंख्य अभ्यासक धरतात. पौलाची पत्रं त्याहून जुनी, पन्नासच्या दशकातली. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात तळहातापेक्षा लहान असा पपायरसचा एक तुकडा आहे. त्यावर योहानाच्या शुभवर्तमानातला पिलातासमोरच्या चौकशीचा भाग आहे आणि तो दुसऱ्या शतकातला मानतात. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांच्या वर आहेत. अर्थात हस्तलिखितं पुष्कळ असण्याने मजकूर जपला गेला एवढंच कळतं. मजकूर खरा आहे का, हा प्रश्न तिथेच उभा राहतो. प्रचारक मंडळी हे दोन मुद्दे सर्रास एकमेकांत मिसळतात आणि ऐकणाराही फसतो.

शिवाय भेगा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. सर्वांत जुन्या दोन मोठ्या प्रतींत मार्कचं शुभवर्तमान रिकाम्या कबरीपाशी घाबरलेल्या बायकांवर संपतं. पुढच्या बारा ओव्या तिथे नाहीत. व्यभिचारात धरलेल्या बाईची प्रसिद्ध कथा योहानाच्या जुन्या प्रतींत नाही. येशूच्या जन्माच्या वेळी कुरेन्याची खानेसुमारी झाली असं लूक सांगतो. ती खानेसुमारी इ. स. 6मधली आणि ज्या हेरोद राजाच्या काळात लूक हा जन्म धरतो, तो इ. स. पू. 4मध्येच वारला होता. दोन्ही गोष्टी जुळवायला भाष्यकारांनी पुष्कळ कसरती केल्या, पण मला त्या पटत नाहीत. लूक इथे चुकला, असं म्हणणं जास्त सरळ. बायबलचं अक्षर न् अक्षर निर्दोष मानणाऱ्या मंडळींना याने धक्का बसतो. ज्यांची श्रद्धा घटनेवर आहे त्यांना बसत नाही, कारण साक्षीदार तारीख चुकला म्हणून खून झालाच नाही असं सिद्ध होत नसतं.

आता मुख्य घटना. मेलेला माणूस उठतो का? डेव्हिड ह्यूमने 1748मध्ये याचं उत्तर देऊन ठेवलं आहे: निसर्गाचा नियम मोडला असं मानण्यापेक्षा साक्षीदार चुकला किंवा खोटं बोलला असं मानणं केव्हाही सोपं. हा युक्तिवाद जबरदस्त आहे, पण त्याच्या तळाशी एक गृहीत आहे. निसर्गापलीकडे कुणी नाहीच, असं आधी धरलं तर कितीही साक्षी आणल्या तरी निकाल ठरलेला. नीळकंठशास्त्री म्यूरना जे सुनावत होते तेच इथे ह्यूमलाही लागू पडतं.

मग साक्षी काय आहेत? करिंथच्या पत्रात पौल एक यादी देतो. उठलेला ख्रिस्त पेत्राला दिसला, बारा जणांना दिसला, पाचशेंहून अधिक बंधूंना एकदम दिसला, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. मग याकोबाला, सर्व प्रेषितांना आणि शेवटी मला. हे आपल्याला आधीच्यांकडून मिळालं, असंही तो म्हणतो. पत्र पन्नासच्या दशकाच्या मध्यावरचं. पौल स्वतः यरुशलेमात पेत्राकडे पंधरा दिवस राहिला होता आणि याकोबाला भेटला होता, हे त्याच्या दुसऱ्या एका पत्रात येतं. म्हणजे ही यादी घटनेच्या अगदी पहिल्या वर्षांतली असावी, असं श्रद्धा न ठेवणारे अभ्यासकही मानतात. दंतकथा वाढायला पिढ्या लागतात, हे इथे बसत नाही. काहीतरी झालं. पेत्राला काहीतरी दिसलं, ख्रिस्ती लोकांच्या पाठी लागलेल्या पौलालाही दिसलं, आणि येशूच्या हयातीत ज्याचा त्याच्यावर विश्वास नव्हता त्या भावालाही.

शिवाय रिकाम्या कबरीच्या पहिल्या साक्षीदार बायका आहेत, मग्दालीया मरीया आणि तिच्या सोबतिणी. त्या काळात बाईची साक्ष हलकी मानत. दुसऱ्या शतकातल्या सेल्ससने तर एका भ्रमिष्ट बाईच्या सांगण्यावर हा धर्म उभा आहे, अशी टिंगल केली. गोष्ट रचायचीच असती तर साक्षीदार पुरुष निवडले असते, हा मुद्दा ख्रिस्ती लेखक मांडतात, आणि तो बरा आहे. पण पौलाच्या यादीत बायका नाहीत, हेही त्याच दमात सांगायला हवं.

विरोधी बाजूचं सर्वांत समंजस उत्तर असं: शोकात बुडालेल्या पेत्राला दर्शन झालं, पौलाला अपराधाच्या ओझ्याखाली दर्शन झालं, आणि श्रद्धा संसर्गासारखी पसरली. आपल्या संतचरित्रांत अशी दर्शनं कमी नाहीत. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले असं मानणाऱ्या समाजाला हे कळायला जड जाऊ नये. ख्रिस्ती उत्तर असं की दर्शनाने देवाचा माणूस वर गेला असं म्हणता आलं असतं. पण यहुदी माणसाच्या लेखी पुनरुत्थान म्हणजे काळाच्या अंती सगळ्यांच्या देहांचं उठणं, एकाचं मधेच नव्हे. जे कुणाच्या अपेक्षेत नव्हतं ते भासात कसं आलं? एन. टी. राइट यांनी 2003 साली आठशे पानांच्या ग्रंथात हीच बाजू लढवली.

यातून निकाल काय? पिन्कस लापिड नावाचे एक कर्मठ यहुदी विद्वान होते. 1977 साली त्यांनी जर्मनमध्ये एक छोटं पुस्तक लिहून सांगितलं की पुरावा पाहता येशू खरोखर उठला असं मला वाटतं. तरीही ते ख्रिस्ती झाले नाहीत. येशू इस्राएलचा मशीहा होता हे त्यांना मान्य नव्हतं. हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं, कारण म्यूरचं गणित त्याने एका अंगाने मोडतं. चमत्कार मान्य करूनही माणूस धर्माबाहेर राहू शकतो. दुसऱ्या अंगानेही ते मोडतं, कारण चमत्कार सिद्ध न होताही कुणी आत येतो: नारायण वामन टिळकांना 1893 साली रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला, आणि त्यांना धरून ठेवलं ते डोंगरावरच्या प्रवचनाने, रिकाम्या कबरीच्या पुराव्याने नव्हे. इतिहासाचा अभ्यास इथवर नेतो: ख्रिस्ती माणूस मूर्खासारखा विश्वास ठेवत नाही आणि न ठेवणाराही हट्टी नाही. याहून पुढे नेतो असं म्हणणारी पुस्तकं विकली जातात भरपूर, पण ती मी जपून वाचतो.

नीळकंठशास्त्र्यांचा खरा बाण मात्र इतिहासावर नव्हताच, न्यायावर होता. एक मूल आंधळं जन्मतं, दुसरं राजवाड्यात. पूर्वजन्म नाही म्हणता, मग हा भेद कुणी केला? देवानेच ना? मग तो अन्यायी. जनावरांना तुम्ही मोक्ष देत नाही, त्यांचं पाप मोजत नाही, तरी ती तडफडून मरतात. ती कुठल्या अपराधाची शिक्षा? आणि चार दिवसांच्या आयुष्यातल्या पापाला अनंतकाळचा नरक, हे कुठल्या तराजूत मोजलं?

गंमत अशी की यातला पहिला प्रश्न नव्या करारात आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांध माणसाकडे पाहून येशूला विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापाने? जन्मतःच आंधळा असलेल्या माणसाने पाप केलं असेल तर ते जन्माआधीच केलेलं असणार. काशीच्या पंडितालाही प्रश्न असाच सुचला असता. येशूचं उत्तर: याने नाही, आईबापानेही नाही. मग देवाचं कार्य याच्यात दिसावं म्हणून, असं काहीसं बोलून तो त्या माणसाचे डोळे बरे करतो. कारण विचारलं होतं, मिळाला उपचार. तर्कशास्त्राच्या परीक्षेत या उत्तराला गुण मिळणार नाहीत. पण पीडिताच्या कपाळी त्याच्याच पापाचा शिक्का मारायला त्यात साफ नकार आहे, आणि तो नकार नीट पाहावा असा आहे.

पुढच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञांनी कारणं देण्याचा प्रयत्न केलाच. ऑगस्टिनपासून चालत आलेलं उत्तर स्वातंत्र्याचं: प्रेम करायला मोकळा जीव हवा, आणि मोकळा जीव दुष्टपणाही करू शकतो. 1955 साली जे. एल. मॅकी यांनी दाखवू पाहिलं की सर्वशक्तिमान, सर्वस्वी भला देव आणि जगातलं दुःख ही एकत्र मांडणं हाच वदतोव्याघात आहे. अॅल्विन प्लँटिंगा यांनी 1974मध्ये स्वातंत्र्याचा मुद्दा इतका काटेकोर मांडला की वदतोव्याघाताचा तो आरोप आता फारसा कुणी करत नाही. म्हणून प्रश्न संपला? नाही. भूकंपात माणसाचं स्वातंत्र्य कुठे येतं? 1979 साली विल्यम रो यांनी वणव्यात होरपळून अनेक दिवस तडफडत मरणाऱ्या, कुणालाही न दिसणाऱ्या एका हरणाच्या पाडसाचं उदाहरण घेतलं. काशीत विचारलेला जनावरांचा प्रश्नच तो, सव्वाशेहून अधिक वर्षांनी. त्याआधी 1860 साली डार्विनने, सुरवंटाला आतून जिवंत खाणारी गांधीलमाशी भल्या देवाने मुद्दाम बनवली असेल हे मला पटत नाही, असं एका पत्रात कळवलं होतं. ते पत्र ज्याला गेलं तो वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होता आणि उत्क्रांतीचा पुरस्कर्ताही. त्याच्यापाशीही या माशीचं उत्तर नव्हतं. माझ्या मते ते कुणापाशीच नाही.

पण मग कर्मसिद्धान्तापाशी आहे का? बाप्तिस्म्यानंतर गोऱ्ह्यांनी 1860 साली ‘षड्दर्शन दर्पण’ हा हिंदी ग्रंथ लिहिला आणि स्वतःच्याच जुन्या बाणाची दिशा फिरवली. या जन्माचं दुःख मागच्या जन्माच्या कर्माने, ते कर्म त्याआधीच्या वृत्तीने, ती आणखी आधीच्या कर्माने. साखळी अनादी म्हटली म्हणजे उत्तर मिळालं की नुसतं मागे ढकललं? शिवाय जे आठवत नाही त्याची शिक्षा म्हणजे कसला न्याय? दोन्ही पारड्यांत वजन टाकून पाहिलं तर असं दिसतं. कर्मसिद्धान्त हिशोब पुरा करतो आणि त्याची किंमत दुःखी माणसाला मोजायला लावतो: तुझं तूच केलंस. अस्पृश्यतेच्या इतिहासात ही किंमत कुणी मोजली हे मराठी वाचकाला सांगायला नको. ख्रिस्ती शिकवण दुःखिताला दोष देत नाही, उलट देवच क्रुसावर दुःखात उतरला असं म्हणते, आणि त्यापायी हिशोब अपुरा ठेवते, शेवटच्या न्यायापर्यंत थकीत. कुठली थकबाकी आपल्याला चालेल, हे शेवटी ज्याचं त्याने ठरवायचं. माझा कल दुसऱ्या पारड्याकडे आहे, पण ते सिद्ध करता येईल असं मला वाटत नाही.

नरकाच्या बाबतीत मात्र तरुण नीळकंठच जिंकतात. देव अनंत, म्हणून त्याचा अपमानही अनंत, म्हणून शिक्षाही अनंत, हे मध्ययुगीन उत्तर सरंजामी कायद्यासारखं वाटतं: गुन्हा तोच, पण ज्याच्याविरुद्ध केला त्याच्या दर्जाप्रमाणे दंड. सी. एस. लुइस यांनी 1940 साली वेगळं सुचवलं, की नरकातला माणूस आपल्याच नकाराने तिथे राहतो, कुणी कोंडून ठेवलेला नसतो. त्याने चीड थोडी कमी होते. चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरीला तर शेवटी सगळेच सुटतील अशी आशा होती आणि चर्च त्याला संत मानतं. ज्यांच्या कानी येशूचं नावच पडलं नाही त्यांचं काय, हा याचाच जुळा प्रश्न. तो सेल्ससनेही वेगळ्या शब्दांत केला होता: एवढी शतकं देव काय करत होता? दुसऱ्या शतकातला जस्टिन म्हणाला की ख्रिस्ताचं बीज सगळ्या माणसांच्या बुद्धीत आहे आणि सॉक्रेटिससारखे लोक त्याचेच. रोमन कॅथलिक चर्चने 1964 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत अधिकृतपणे मांडलं की ज्यांना स्वतःच्या दोषाविना सुवार्ता कळली नाही आणि जे मनापासून देवाला शोधतात त्यांनाही तारण मिळू शकतं. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांना हे मान्य नाही.

विज्ञानाचा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर सर्वांत लहान आहे. 1633चा गॅलिलिओचा खटला चर्चच्या माथ्यावरचा डाग आहे. पण विश्व प्रसरण पावतं आहे हे 1927 साली समीकरणांतून मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. 1951मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धान्तात उत्पत्तीच्या देववचनाचा पुरावा पाहिला, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाले ते लमेत्रच. आपलं गणित धर्माच्या कामाला जुंपलेलं त्यांना नको होतं. जगाची उत्पत्ती सहा दिवसांत झाली असं शब्दशः मानणारे ख्रिस्ती आहेत, आणि त्यांच्याशी विज्ञानाचं भांडण खरंच आहे.

उरतो आपल्याकडचा खास आक्षेप: हा परक्यांचा धर्म, आणि त्याच्या मागे तलवार आली. पहिला भाग इतिहासात टिकत नाही. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस ‘कल्लियाना’ इथल्या बिशपचा उल्लेख करतो, आणि ते आपलं कल्याण असावं असं अनेकांना वाटतं. 1616 साली राचोलहून छापून निघालेलं ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत आहे. दुसरा भाग टिकतो. गोव्यात 1560पासून इन्क्विझिशन होतं आणि ते कायमचं बंद व्हायला 1812 उजाडलं. धर्माच्या अनुयायांनी अत्याचार केला म्हणून त्याचा संस्थापक उठला नाही असं काही ठरत नाही, हे खरं. पण ज्या धर्माने फळावरून झाड ओळखा असं शिकवलं त्याने या प्रश्नाला चुकीचा प्रश्न म्हणू नये. गोऱ्ह्यांनाही तो टळला नाही. 1854 साली महाराजा दलीपसिंगांबरोबर पंडित म्हणून ते इंग्लंडला गेले. ख्रिस्ती देशातलं रोजचं जिणं पाहून ते किती खचले, याची आठवण मॅक्सम्युलर यांनी लिहून ठेवली आहे: हाच ख्रिस्ती धर्म असेल तर मी ख्रिस्ती नाही, अशा अर्थाचं ते बोलले. धर्म त्यांनी सोडला नाही. शंकांनीही त्यांना सोडलं नाही. आयुष्यभर त्या पुन्हा पुन्हा डोकं वर काढत राहिल्या आणि ते त्या लपवत नसत.

पुण्यात पंचहौद मिशनमध्ये असताना त्यांची एका तरुण विधवेशी गाठ पडली. पंडिता रमाबाई. त्या इंग्लंडला गेल्यावर गोऱ्ह्यांनी पत्रं पाठवली. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त असल्याला प्रमाण आहे काय, याच विषयावर त्यांनी लिहिलं. प्रश्न म्यूरचाच होता, उत्तर देणारा बदलला होता. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आणि मग त्या प्रश्न विचारू लागल्या. एक देव आणि तीन व्यक्ती म्हणजे काय? हे बायबलात थेट कुठे लिहिलं आहे? सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचताना जोगिणी आणि प्राचार्या हैराण झालेल्या दिसतात. त्रैक्याबद्दल तर्क एवढंच सांगू शकतो की एक तत्त्व आणि तीन व्यक्ती यात उघड वदतोव्याघात नाही, कारण एक आणि तीन या संख्या एकाच गोष्टीला लावलेल्या नाहीत. त्यापुढे 325 सालच्या नायसियाच्या परिषदेचा अधिकार येतो, आणि रमाबाईंचं भांडण नेमकं त्या अधिकाराशी होतं. आपली सदसद्विवेकबुद्धी एका धर्माच्या पुरोहितांकडून सोडवून दुसऱ्यांच्या हवाली करायला त्या तयार नव्हत्या.

रमाबाई परतल्या, 1889मध्ये मुंबईत त्यांनी शारदासदन उघडलं, मग ते पुण्याला नेलं. पुढे 1907च्या आपल्या साक्षीत त्यांनी मागे वळून सांगितलं की इंग्लंडमध्ये आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भेटला बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी, भारतातच. ब्राह्मोसमाजाची शिकवण हिंदू शास्त्रांतून नव्हे तर ख्रिस्ती धर्मातून आली आहे, हे आपल्याला गोऱ्ह्यांच्या पुस्तकांनी पटवलं, हेही त्यांनी त्याच साक्षीत कृतज्ञतेने नोंदवलं. फादर गोऱ्हे तोवर वारले होते, 1895 साली मुंबईत.